लोखंडी घोडा

लू गेरिग हे नाव आपल्या हॉस्टेलवर कुणी ऐकलेलं नसणार. आपलं सगळं क्रिकेट, आणि हा पडला अमेरिकेतला बेसबॉलवाला. मला तो सापडला मामामुळे. मामा फिटर. त्याच्या हातातून पाना सुटायला लागला, म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं मोटर न्यूरॉन डिसीज. घरात आधी कुणाला होता का, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. आजोबांचे हातपायही असेच वाळत गेले होते. मी वाचायला बसलो तेव्हा कळलं, अमेरिकेत याला लू गेरिगचा आजार म्हणतात.

गेरिगचा जन्म १९ जून १९०३, न्यूयॉर्कचा. आईवडील जर्मनीहून आलेले, घरी गरिबी. चार मुलांत हा एकटाच जगला. कोलंबिया विद्यापीठात तो चक्क इंजिनिअरिंग शिकत होता, म्हणजे आपला सीनियरच! पण घरच्या आजारपणाच्या खर्चापायी १९२३ साली शिक्षण सोडून तो न्यूयॉर्क यांकीज संघात गेला. १ जून १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला. हाताची हाडं मोडली तरी सुट्टी नाही. लोक त्याला लोखंडी घोडा म्हणायचे, म्हणजे रेल्वेचं इंजिन!

१९३९ च्या हंगामात मात्र चेंडू बॅटला लागेना. २ मे रोजी त्याने स्वतःच मॅनेजरला सांगून नाव कमी करून घेतलं. १९ जूनला, छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान कळलं. ४ जुलैला भरल्या मैदानात त्याने रडगाणं न गाता सगळ्यांचे आभार मानले. २ जून १९४१ ला तो गेला.

हा आजार बहुतेकांना घराण्यात कुणाला नसतानाही होतो. थोड्यांना तो वारशाने येतो. १९९३ साली त्यातल्या काही कुटुंबांत एसओडी-१ या जनुकातला दोष सापडला. पेशीतलं पॉवर हाऊस म्हणजे मायटोकाँड्रिया. तिथे वीज बनताना ऑक्सिजनचे घातक कण निसटतात, आणि हे एन्झाइम त्यांना आवरतं. आधी वाटलं, एन्झाइम कमी पडलं म्हणून पेशी गंजली. पण १९९४ मध्ये उंदरांना सदोष जनुक दिलं, तर स्वतःचं चांगलं एन्झाइम शाबूत असूनही ते आजारी पडले. म्हणजे बिघडलेलं एन्झाइमच विषारी! ते नीट घडी न पडता मायटोकाँड्रियाला चिकटतं, ते फुगतात, वीज घटते, गळती आणखी वाढते. कण्यापासून पायापर्यंत जाणारी मज्जापेशी जवळजवळ मीटरभर लांब, तिला ही वीजटंचाई कशी सोसणार?

२०२३ साली अमेरिकेत टोफर्सन या औषधाला मंजुरी मिळाली. ते कण्यात टोचतात आणि हे प्रोटीन बनणंच कमी करतं. पण फक्त एसओडी-१ वाल्यांसाठी.

मामाच्या जनुकांचा रिपोर्ट यायचाय. दोष निघाला, तर आईला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि आईनंतर नंबर माझा. तपासून घ्यायचं का, यावर घरात अजून कुणी बोलत नाही. गेल्या सुट्टीत मामाने मात्र कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच पान्यांची पेटी माझ्या हातात दिली. ती आता माझ्या कॉटखाली आहे. कुणाला पाना लागला तर घेऊन जा, फक्त आठवणीने परत आणून द्या.