गणिताचे प्राध्यापक, पण नाव जनुकांच्या नकाशावर: पुण्याचे डी. डी. कोसंबी

डी. डी. कोसंबी म्हटलं की आपल्याला इतिहासकार आठवतात. जनुकशास्त्रज्ञ मात्र त्यांना एका सूत्रामुळे ओळखतात.

1907 मध्ये गोव्यात जन्म, हार्वर्डमधून पदवी आणि 1933 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताची प्राध्यापकी. तिथे असतानाच 1944 मध्ये जनुकांमधलं अंतर मोजण्यावरचा त्यांचा चार पानी पेपर आला.

मुद्दा काय होता? गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट जास्त. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र दिसतात आणि अंतर कमी भरतं. हॉल्डेन यांच्या 1919 च्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एक झाली की शेजारी दुसरी सहसा टळते. कोसंबींनी हे हिशेबात घेतलं. 20 टक्के संततीत ताटातूट दिसली, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर 25.5 सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने 21.2.

1943 च्या पेपरचं मात्र उलटं झालं. त्यातलं प्रमेय पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडलं. बहुतेक पुस्तकांत त्या दोघांचंच नाव राहिलं.

नंतर कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज भात-गव्हाचे जनुक-नकाशे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कोसंबी’ हा एक पर्याय असतो. तो निवडणारे अनेक जण मूळ पेपरचा संदर्भही देत नाहीत. सायटेशनच्या आकड्यात हा वापर मोजलाच जात नाही.