पगारी नोकर इब्राहिमखान

लोह्याहून लातूरच्या रस्त्याला लागले की माळाकोळी येते, अहमदपूर येते आणि शिरूर ताजबंदला एक फाटा उदगीरकडे जातो. बँकेच्या नोकरीत या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब नाही. उदगीरच्या किल्ल्यात उदागीर महाराजांच्या समाधीला हात जोडायचे, तटावर थोडे रेंगाळायचे आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत. सदाशिवराव भाऊंचे नाव तिथे हमखास निघते. त्यांच्या बाजूने तोफा ओढत आलेल्या इब्राहिमखान गारद्याचे मात्र क्वचितच.

गारदी हा शब्दच आपल्याकडे बदनाम. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदी आणि त्याच्या साथीदारांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि तेव्हापासून गारदी म्हणजे दगाबाज, असे समीकरण होऊन बसले. मूळ शब्द अगदी साधा आहे. पहाऱ्याला फ्रेंच लोक गार्द म्हणत, त्याचे दखनेत गारदी झाले. बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसणारा आमचा गार्ड आणि हा गारदी, दोघांचे मूळ एकच.

फ्रेंच सेनापती बुसी निजामाच्या पदरी होता, तेव्हा त्याने इथल्या माणसांना कवायत शिकवली. रांगेत उभे राहायचे, हुकूम झाला की एकदम बार काढायचा, घोडदळ अंगावर आले तरी जागा सोडायची नाही. इब्राहिमखान या तालमीत तयार झाला. 1758 मध्ये बुसीला हैदराबाद सोडावे लागले. मग इब्राहिमखान निजामअलीकडे राहिला, तिथेही फार काळ टिकला नाही आणि 1759 मध्ये पेशव्यांच्या चाकरीत आला. वेळ मोठी अवघड होती. पेशव्यांकडचा आधीचा गारदी सरदार मुजफ्फरखान याने त्याच वर्षी भाऊसाहेबांवर मारेकरी घातला होता आणि त्यात त्याला देहदंड झाला होता. अशा वेळी दुसरा गारदी, तोही शत्रूच्या घरातून आलेला, जवळ करायचा म्हणजे छातीच हवी. भाऊसाहेबांनी तो जवळ केला.

लगेच उदगीरची मोहीम निघाली. लढाई उदगीरची म्हणतात खरे. पण निजामाची फौज धारूरकडे सरकू पाहत होती आणि 3 फेब्रुवारी 1760 ची निकराची झुंज औशाजवळ झाली. जुन्या धन्याच्या तोफांसमोर इब्राहिमखानाने आपल्या तोफा लावल्या. निजामाने सुमारे साठ लाखांचा मुलूख दिला. दौलताबाद, असीरगड, विजापूर सोडले. आपला हा सारा टापू त्या वर्षी असा हातोहात फिरला.

विजयाचा गुलाल धुतला जातो न जातो तोच उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली. मार्चमध्ये परतूडहून फौज निघाली. इब्राहिमखान आठ-नऊ हजार गारदी घेऊन बरोबर होता.

इथे पगाराची गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी सरदारांना सरंजाम असे, जहागिरीच्या वसुलावर त्यांची पथके चालत. गारद्याला जमीन नाही, वतन नाही. त्याला दरमहा रोकड हवी. इब्राहिमखान तारखेला पैसे मागे आणि त्यावरून भाऊसाहेबांची नाराजीही ओढवून घेई. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांना हे कवायती प्रकरण पसंत नव्हते. गनिमी काव्याच्या फौजेला जड तोफा म्हणजे पायांतली बेडी. त्यांचेही अगदीच चुकत होते असे मला वाटत नाही. मात्र पगार मागणाऱ्या माणसाला लोभी समजायची आपली खोड जुनी आहे. एक तारखेला काउंटरसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांचे चेहरे मी तीस वर्षे पाहिले आहेत. त्यांत लोभ नसतो, घरचा हिशेब असतो.

पानिपतावर उपासमार झाली. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्याने रसद तुटली. दिल्लीहून खजिना आणणारे स्वार रात्री वाट चुकले आणि थेट अफगाणांच्या छावणीत शिरले. गारद्यांचा पगार थकला. 14 जानेवारी 1761, पौष शुद्ध अष्टमी. (पुष्कळ जण संक्रांतीचा दिवस म्हणतात, पण त्या वर्षी संक्रांत आधीच होऊन गेली होती. आपल्याकडची वेळ अमावस्या होऊन जेमतेम आठवडा झाला होता.) त्या सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे गेला. पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपण रागावत होता, या महिन्यात तर काहीच मिळालेले नाही, तरी आज चाकरी पुरी करून दाखवतो, अशा अर्थाचे बोलून तो निघाला. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

डाव्या बगलेवर त्याने निशाण स्वतः हाती घेतले. दोन पलटणी बाजू राखायला ठेवल्या आणि सात पलटणी संगिनी चढवून रोहिल्यांवर घातल्या. दुंदेखान आणि हाफिज रहमतखान यांच्या फौजेची त्याने दैना केली. दुपारपर्यंत त्याच्याही सहा पलटणी जवळजवळ संपल्या होत्या. अंगावर भाल्यांच्या जखमा, वर बंदुकीची गोळी. मग विश्वासराव पडले आणि सारेच कोसळले.

जखमी इब्राहिमखान शुजाच्या माणसांच्या हाती लागला. शुजाने त्याला लपवून ठेवला, जखमा बांधवल्या. पण अफगाणांना त्याच्यावर विशेष राग होता. आपल्या धर्माचा माणूस मराठ्यांकडून लढला, हे त्यांना खुपत होते. अब्दालीने मागणी लावली आणि शुजाला त्याला वजिराच्या हवाली करावे लागले. पुढे त्याच्या जखमांना विष लावले गेले, असे काशिराज लिहितो. आठवडाभरात तो गेला.

नानासाहेब पेशव्यांना पराभवाची खबर भेलशाजवळ मिळाली, तीही सावकारी पत्रातून. हिशेब सांकेतिक होता: मोती गेले ते घरचे, मोहरा गेल्या ते सरदार, आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नव्हती. इब्राहिमखान मोहरांत धरला की खुर्द्यात, हे त्या पत्रावरून समजत नाही.