उघड्या दारातले धडे

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की विद्वत्ता, धर्मांतर आणि केडगावचे मुक्तिसदन एवढ्या तीन गोष्टी सामान्यतः आठवतात. लहान मुलांच्या शिक्षिका म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो. वास्तविक त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वादळ उठले ते स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लेकीसह त्या करीत असलेल्या बायबलच्या वाचनावरून आणि प्रार्थनेवरून.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या पत्नीने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, लेकीला. पहाटे झोपेतून उठवून, मांडीवर घेऊन, पाखरांच्या किलबिलाटात आई श्लोक म्हणायची आणि मुलीने ते मागोमाग म्हणायचे, असा तो रानातला वर्ग होता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत परंपरेने अठरा हजार श्लोकांचे मानले जाणारे भागवत रमाबाईंना मुखोद्गत झाले. या शिक्षणात पाटी नव्हती, चित्र नव्हते, हाताला काही कामही नव्हते. होता तो फक्त आईचा आवाज.

पुढे दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाईंची पायपीट सुरू झाली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म आणि पुढच्याच वर्षी वैधव्य, हे सारे दोन वर्षांत घडून गेले.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सिस्टरांच्या आश्रयास असताना त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. येथवरची कथा सर्वज्ञात आहे. पण तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. ख्रिस्ती झाल्या तरी रमाबाईंनी चर्चची प्रत्येक शिकवण मान्य केली नव्हती. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता. त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत असताना मनोरमा वाँटेजला होती आणि त्या अजाण मुलीला कोणता धर्मपाठ द्यायचा, यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात पत्रांतून तीव्र मतभेद झाले. परक्या देशात, त्याच सिस्टरांच्या आधारावर राहणाऱ्या या विधवेने लेकीच्या धर्मशिक्षणाचा अधिकार मात्र सोडला नाही. मुलाला न कळणारे तत्त्व त्याच्या तोंडी घालू नये, असाच त्या आग्रहाचा अर्थ लावावा लागतो. अठरा हजार श्लोक तोंडपाठ असलेल्या स्त्रीने हा आग्रह धरावा, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पाठांतराची शक्ती आणि मर्यादा त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी मार्च १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथे त्यांना किंडरगार्टनची पद्धती भेटली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल याने १८३७ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत पुस्तक मागाहून येते. आधी मुलाच्या हाती रंगीत लोकरीचे चेंडू द्यायचे, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. त्यातून आकार, रंग, संख्या मुलाने स्वतः शोधायची. कागदाच्या घड्या, विणकाम, माती, बागेतला वाफा आणि गाणी हाच अभ्यासक्रम. रमाबाईंनी या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतले. मराठी मुलींसाठी सचित्र वाचनमाला तयार करण्याचा खटाटोपही त्यांनी तेथेच आरंभला.

बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि मुलींचा जातिधर्म अबाधित राखायचा, ही अट होती. स्वतः रमाबाई मात्र ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या मनोरमेसह बायबल वाचीत, प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना काही बळ होते. शिकवणे वेगळे आणि आईने लेकीसह प्रार्थना करणे वेगळे, ही रमाबाईंची भूमिका कागदावर निर्दोष होती. परंतु घर गमावलेली बालविधवा जिच्यापाशी पहिल्यांदा माया अनुभवते, तिचेच अनुकरण करणार, ही पालकांची धास्तीही निराधार नव्हती. दार लावून घेतले असते तर प्रश्न मिटला असता. ते त्यांनी लावले नाही.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. जबलपूरकडचा लोहमार्ग तेव्हाही भुसावळवरून, खानदेश ओलांडूनच जाई. केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले आणि १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. येथे धर्मशिक्षणास आडकाठी नव्हती. शेकडो मुलांचा किंडरगार्टन वर्ग भरत असे. मोठ्या मुलींना शेत, गोठा, तेलघाणी, विणकाम, शिवण आणि भटारखाना. येशूचे दाखले पेरणाऱ्याचे, खमिराचे, मोहरीच्या दाण्याचे, हरवलेल्या नाण्याचे आहेत. सकाळी स्वतः पेरणी केलेल्या किंवा पीठ मळलेल्या मुलीला त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसणार.

अंध मुलींसाठी येथे बार्तीमी सदन होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या भिकाऱ्याचे हे नाव. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली होती आणि या मुली बोटांनी वाचू लागल्या. वाँटेजला जिच्या शिक्षणावरून वाद झाला, तीच आता सदनाची शिक्षिका होती.

रूढ मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बायकामुलांना जड जाते, हे रमाबाईंना वर्गातच जाणवले असावे. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द निश्चयपूर्वक गाळले. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले; रमाबाई लिहीत राहिल्या. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या मुक्तिसदनातल्याच मुली-बायका होत्या.