सायक्सची यादी आणि जुन्नरचा बिबट्या

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळचे ऊन पाठीशी आणि समोर दरीत धुके असा योग जुळला, की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. ट्रेकर मंडळी याला इंद्रवज्र म्हणतात आणि १८३५ मध्ये कर्नल सायक्सला ते दिसले असे सांगतात. सालात थोडी गफलत आहे. १८३५ हे त्याचा हवामानावरचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला ते साल. सायक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. कड्यावर तो उभा राहिला तो त्याआधीच्या दौऱ्यांत.

या माणसाची ओळख एका रंगीत वर्तुळापुरती उरावी, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. जुन्नर, आंबेगावात आज बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी दारे लावून घेतली जातात. इथे पूर्वी कोणते प्राणी होते, कोणते गेले, कोणते टिकले, याचा विचार करायचा तर मागे जाऊन कुठून तरी सुरुवात करावी लागते. दख्खनसाठी ती सुरुवात बऱ्याच अंशी सायक्सच्या यादीपासून होते.

विल्यम हेन्री सायक्सचा जन्म २५ जानेवारी १७९०चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. मिसरूड फुटण्याआधीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती झाला. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे त्याने हिंदुस्तानी आणि मराठी शिकून दुभाष्याची परीक्षा दिली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा कंपनीच्या बाजूने देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्यांत तो होता. ज्या मुलखाची त्याने पुढे एवढी बारीक नोंद केली, तो आधी तलवारीने घेणाऱ्यांपैकीच तो एक, हे विसरून चालणार नाही. नोंद करण्यामागचा हेतूही शुद्ध कुतूहलाचा नव्हता. मुलूख हाती आला होता, सारा बसवायचा होता, त्यासाठी जमीन, पिके, माणसे, गुरे यांचे आकडे हवे होते.

हे काम मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये सायक्सकडे सोपवले. हुद्दा होता सांख्यिकी अहवाल अधिकाऱ्याचा. पुढची सहा-सात वर्षे तो पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरत राहिला. तंबू, घोडे, लेखनिक आणि सोबत तापमापक, वायुभारमापक असा लवाजमा. पाणी किती तापमानाला उकळते हे साध्या तापमापकाने पाहून जागेची उंची काढण्याची पद्धत तो वापरत असे. जमीन धारण करण्याच्या पद्धती, पाऊस, पिके, रेशमाचा किडा, नदीतले मासे, काही म्हणून त्याने सोडले नाही. जुन्नरजवळच्या लेण्यांतले शिलालेखही त्याने उतरवून घेतले. त्या वेळी ती लिपी कोणालाच धड वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला तो १८३७ च्या सुमारास. वाचता येत नसलेली अक्षरे जशीच्या तशी लिहून ठेवणे हा सायक्सचा स्वभावच होता, आणि प्राण्यांच्या बाबतीत त्याचा आपल्याला सर्वांत जास्त उपयोग झाला.

१८३१ मध्ये त्याने लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली आणि पुढच्या वर्षी पक्ष्यांची. प्राण्यांची मराठी नावे त्याने मुद्दाम टिपली आहेत. लांडगा, कोळसून असे आपले शब्द त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाचताना मजा वाटते. आपल्याकडच्या लांडग्याला शास्त्रीय नाव त्यानेच दिले. त्याचा अर्थ फिक्या पायांचा. सह्याद्रीतल्या शेकरूला त्याने एल्फिन्स्टनचे नाव दिले. ओढ्याकाठी ध्यान लावून बसणारा वंचक, मोठा राखी सातभाई आणि दगडी माळावर धावणारी एक लावरी यांचे पहिले शास्त्रीय वर्णनही सायक्सचेच. एका चंडोलाला तर त्याचेच नाव चिकटले आहे.

यादी निर्दोष नाही. त्या काळी युरोपात लेपर्ड आणि पँथर हे दोन निराळे प्राणी समजले जात, आणि त्याच्या मांडणीतही हा घोळ शिरला. तरीही यादीसोबत आलेले काही आकडे थबकायला लावतात. सरकारी कागदांनुसार १८२५ ते १८२९ या काळात एकट्या खानदेशात १०३२ वाघ मारले गेले. याच वर्षांत दख्खनमध्ये मारलेल्या बिबट्यांची संख्याही शेकड्यांत होती. शिकारीला बक्षीस होते, म्हणून तिची नोंद होती. आपण आज ज्याला वन्यजीव म्हणतो, ते तेव्हाच्या सरकारच्या लेखी पिकावरच्या किडीसारखे होते.

अशा नोंदींचे मोल पुष्कळदा दुसऱ्याच पिढीला कळते. उत्तर कॅनडात हडसन्स बे कंपनी फासेपारध्यांकडून लिंक्स या रानमांजराची कातडी विकत घेत असे. तिच्या जुन्या वह्या चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात तपासल्या, तेव्हा लिंक्सची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वरखाली होते हे दिसून आले. लिंक्स जगतो सशावर. तिथला ससा हिवाळ्यात पांढरा होतो. बर्फ उशिरा पडू लागले, लवकर वितळू लागले, की तोच पांढरा रंग त्याचा घात करतो. व्यापाऱ्याने नफ्यासाठी लिहिले, अभ्यासकाने निसर्गासाठी वाचले. सायक्सचे तसेच आहे, फक्त आपल्याकडे बदल बर्फाचा नाही, पाण्याचा आहे.

कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत झाली. सायक्सच्या वेळीही इथे ऊस होता, पण मोटेच्या पाण्यावर भिजेल तेवढाच. कालवे आल्यावर माळ आणि जिरायती शिवार बागायती झाले. पाठोपाठ साखर कारखाने आले. बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, आत ओलावा आणि सावली असलेले हजारो एकर गवतच उभे राहिले म्हणायचे. ऊस हे शेवटी गवतच आहे.

आता सायक्सच्या यादीतल्या प्राण्यांचे काय झाले ते पाहा. वाघ आणि चित्ता या भागातून गेले. शेकरू भीमाशंकरच्या राईत अडकून पडला, कारण तो झाडावरून झाडावर जातो आणि फांद्यांची साखळी तुटली की त्याचा रस्ताच संपतो. लांडग्याला उघडा माळ आणि धनगरांचे कळप हवेत, म्हणून तो ओलिताखाली न आलेल्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याकडे राहिला. वंचकाला मात्र कालवा आणि ओढा सारखेच. आणि बिबट्याने या सगळ्यांपेक्षा वेगळा मार्ग काढला: तो उसात राहायला गेला.

यात त्याची काही चतुराई आहे असे नव्हे. बिबट्याला तीन गोष्टी पुरतात: लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि झेपेल एवढे भक्ष्य. हरीण हवेच असा त्याचा हट्ट नसतो. उसात रानडुक्कर असते, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे असतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतांमध्ये कॅमेरे लावून अभ्यास केला, तेव्हा १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेवरून काढलेल्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा होता पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा, ३९ टक्के. उसात जन्मलेल्या बछड्याला जंगल माहीत नसते. त्याचे घर फडातच.

म्हणूनच बिबटे जंगलातून वाट चुकून आले, त्यांना पकडून परत सोडा, हा तोडगा जुन्नरला महागात पडला. फेब्रुवारी २००१ पासून इथे बिबटे मोठ्या प्रमाणात पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत. नंतर ते सतरावर गेले. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात बावरतो, भरकटतो, परतायची वाट शोधतो, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येऊन बसतो. बिबट्यांना उचलून न्यायचा सल्ला आजही दर हल्ल्यानंतर नव्याने दिला जातो. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. सल्ला देणाऱ्या इतरांनी मात्र हे आकडे पाहायला हवेत. माणसावर वारंवार हल्ले करणारा बिबट्या ओळखून पकडावाच लागतो, ती गोष्ट वेगळी. त्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण त्याची जागा काही वाढत्या उसाबरोबर वाढत नाही.

शेतकऱ्यांची मागणी बरीच साधी आहे: पंपाला वीज दिवसा द्या. रात्री बारे धरायला वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. अंगणातले एकटे मूल, गोठ्याच्या अर्धवट भिंती, गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि त्यावर पोसलेली कुत्री, धोका वाढतो तो इथे.

सायक्सला यातले काही पाहायचे कारण नव्हते. मायदेशी गेल्यावर १८३८ मध्ये त्याने चार जिल्ह्यांचा सांख्यिकी अहवाल छापला आणि पुढे दख्खनच्या माशांवरही लिहिले. १८५६ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचा खासदार होता. हवेच्या वरच्या थरांतले तापमान मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी फुग्यातून वर जावे, यासाठी ब्रिटिश असोसिएशनमध्ये त्याने नेट लावला. १८६३ ते १८६५ या काळात लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. १६ जून १८७२ रोजी तो लंडनमध्ये वारला. दख्खनचे त्याचे अहवाल सारावसुलीसाठी लिहिलेले; त्यातले साऱ्याचे दर कधीच कालबाह्य झाले, प्राण्यांची यादी मात्र अजून उघडून पाहिली जाते.

दिवाळीनंतर जुन्नर, आंबेगावात ऊसतोड सुरू होते. कोयता चालवता चालवता मजुरांना पाचटात मांजराएवढे बछडे सापडतात. वनखात्याची माणसे येतात, त्यांची तपासणी करतात आणि संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवतात. लोकांना दूर पांगवले जाते, कॅमेरा लावला जातो. अनेकदा रात्री मादी येते, एकेक बछडे मानेला धरून उचलते आणि घेऊन जाते, शेजारच्या अजून न तोडलेल्या फडात.