रेव्हरंड टिळक : कृतज्ञतेचा उपासक

‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांना सारा महाराष्ट्र ओळखतो. आम्हा वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळींचे त्यांच्याशी आणखी एक नाते आहे. अमरावती-अकोल्याकडील उपासनेत पेटी-तबल्याच्या साथीने जी गीते आम्ही गातो, त्यांतील कितीतरी टिळकांची आहेत. त्या गीतांमागचे आयुष्य मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. लहानपणीच आई गेली. पुढे नाशिकला संस्कृतचे अध्ययन झाले, लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी काही काळ ग्रंथांचे काम केले. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना झपाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्त दुरावले, खुद्द लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परतल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. बरे झाले दहाही. आभार मानायला परतला तो एकच, आणि तोही परका गणलेला शोमरोनी. टिळकांचे चरित्र वाचताना मला ही गोष्ट वारंवार आठवते. ख्रिस्त भेटल्यावर टिळकही मागे वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघडपणे सांगत. ज्या वाटेने आलो त्या वाटेचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. त्या काळच्या उपासनेत भाषांतरित गीते आणि पाश्चात्य चाली यांचा भर होता. टिळकांनी देवाच्या स्तुतीला अभंग, ओवी आणि कीर्तन दिले. धर्म बदलला म्हणून मायबोली, संतवाणी आणि शेजारी परके होत नाहीत, हे त्यांनी जगून दाखवले. आजही ख्रिस्ती मराठी तरुणाला ‘तू नक्की कुणाचा?’ असे विचारले जाते, तेव्हा त्याला टिळकांकडे बोट दाखवता येते.

1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, 1912 पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले. 1917 साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

आता प्रश्न आपला. हंगामाच्या उपकारस्तुतीला ज्वारीची कणसे, भाजीपाला, कापूस घेऊन लोक मंदिरात येतात. पण पाऊस दगा देतो, बोंडअळी पडते, कर्ज डोक्यावर बसते, त्या वर्षी काय? अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन, असे हबक्कूक संदेष्टा म्हणतो. हे नुसते ओठांनी म्हणणे सोपे आहे. ज्याचे शेत बुडाले त्याला ते ऐकवणे तर निर्दयपणाचे ठरेल. म्हणून अनुवादाच्या पुस्तकाची आज्ञा मला महत्त्वाची वाटते. पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवल्यावर लेवी आणि परदेशी यांच्यासह आनंद करावा, असे ती सांगते. म्हणजे ज्याच्या घरी पीक आले, त्याच्या उपकारस्तुतीत ज्याच्या घरी आले नाही त्याचा वाटा आहे. शेजाऱ्याची चूल पेटली की नाही, हे न पाहता गायिलेले स्तोत्र अपुरेच राहते.

टिळकांच्या घरी अन्नाला आणि मायेला मुकलेल्यांना आसरा मिळे. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त याची साक्ष पानोपानी सापडते. रविवारी त्यांची गीते गाणारे आम्ही सोमवारी बाजारात, वर्गात, वसतिगृहात कसे वागतो, यावरच आमची उपासना खरी की खोटी ते ठरणार आहे.