शब्दांसाठी लढलेले बाबासाहेब

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यासाठी सत्याग्रह केला, हे आपली लहान पोरंही सांगतात. पण बोलण्या-लिहिण्याच्या हक्कासाठी ते जन्मभर झगडले, हे आपल्या घरात फारसं सांगितलं जात नाही.

१९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊनही जाहिरात छापली नाही. कायद्याची बंदी नव्हती, तरी तोंड बंदच! म्हणून बाबासाहेबांनी पुढेही स्वतःची पत्रे चालवली.

वकील म्हणून ते दुसऱ्यांच्या लेखणीसाठीही उभे राहिले. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जवळकर, जेधे या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर पुण्यात बदनामीचा खटला झाला. तो बाबासाहेबांनी जिंकला. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा! कर्वे जन्माने ब्राह्मण, विषय बदनाम. तरी बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतलं. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब मागे हटले नाहीत.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांच्या भाषणातला मजकूर बदलायला सांगितला. त्यांनी नकार दिला. परिषद रद्द झाली, तेव्हा स्वखर्चाने भाषणाच्या १५०० प्रती छापल्या.

मग याच बाबासाहेबांनी संविधानात बोलण्यावर मर्यादा का मान्य केल्या, असं कुणी विचारील. कलम १९ मध्ये हक्क आहे आणि बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता अशा मर्यादाही आहेत. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणे वाढली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी तिचं समर्थन केलं. त्यावर तेव्हा टीकाही झाली. मात्र त्याच दुरुस्तीत 'वाजवी' हा शब्द आला. म्हणजे सरकारची बंदी वाजवी आहे का, हे कोर्टाला तपासता येतं.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. पुढे १९८७-८८ मध्ये 'रिडल्स'वर बंदीची मागणी झाली, तेव्हा लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. आपल्या बापाचा शब्द वाचवायला आपण धावलो, हे योग्यच झालं. पण बाबासाहेब कर्व्यांसाठीही धावले होते. तेव्हा विहारातल्या सभेत आपल्याला न पटणारं कुणी बोलू लागला, तर त्याला खाली बसवू नका. आधी ऐका, मग उत्तर द्या.

जयभीम!