काशीचे मराठी संपादक : बाबूराव विष्णु पराडकर

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. वेदाध्ययन, पौरोहित्य आणि शास्त्रचर्चा यांसाठी ती तेथे गेली, स्थिरावली, आणि घरात मराठी व दाराबाहेर हिंदी अशी त्यांची दुहेरी राहणी झाली. महाराष्ट्रातून येऊन काशीस स्थायिक झालेल्या पंडित विष्णुशास्त्री पराडकरांच्या घरी १६ नोव्हेंबर १८८३ रोजी बाबूरावांचा जन्म झाला. आईचे नाव अन्नपूर्णाबाई. संस्कृतचे आरंभीचे शिक्षण झाल्यावर १९०० मध्ये ते भागलपुराहून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे किंवा शाळामास्तर व्हावे, हा त्या काळचा सरळ मार्ग. बाबूरावांनी तो धरला नाही.

त्यांना आडवाटेला नेण्यात त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांचा वाटा मोठा होता. आडनाव मराठी, कर्मभूमी बंगाल आणि लेखणीही बंगाली असा हा विलक्षण पुरुष. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘देशेर कथा’ या ग्रंथात त्यांनी इंग्रजी राज्यात देशाची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते आणि इथले उद्योग कसे मोडले, याचा हिशेबच मांडला होता. आकडेवारीने भरलेले पुस्तक लोकांच्या मनात एवढा क्षोभ निर्माण करील असे कोणास वाटले नसेल. परंतु १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. हाच ग्रंथ बाबूरावांनी हिंदीत आणला. मामाने बंगालीत केलेले काम भाच्याने हिंदीत पुढे नेले, आणि दोघांचीही मातृभाषा मराठी होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

वंगभंगाच्या चळवळीने पेटलेल्या कलकत्त्यास बाबूराव १९०६ मध्ये गेले ते ‘हिंदी बंगवासी’चे सहायक संपादक म्हणून. तेथे ते सहाच महिने राहिले. त्यानंतर ‘हितवार्ता’ या साप्ताहिकाचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी चार वर्षे सांभाळले. त्याच काळात ते बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी आणि मराठी शिकवीत. अरविंद घोष यांच्यासारखा प्राचार्य लाभलेली ही संस्था. १९०८ मध्ये ‘केसरी’तील अग्रलेखांसाठी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ‘हितवार्ता’ त्याच वर्षी बंद पडले. मग बाबूराव ‘भारतमित्र’ या पत्राचे संयुक्त संपादक झाले.

संपादकाच्या टेबलाशी बसलेल्या या माणसाचा क्रांतिकारकांशीही संबंध होता. महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ मध्ये, राजद्रोहाच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि साडेतीन वर्षे नजरकैदेत ठेवण्यात आले. ऐन तिशीतील, लिहित्या हाताची साडेतीन वर्षे अशी गेली.

१९२० मध्ये सुटका होताच ते काशीस परतले. बाबू शिवप्रसाद गुप्त हे काशीचे धनिक. काशी विद्यापीठ आणि भारतमाता मंदिर ही पुढे त्यांच्याच औदार्यातून उभी राहिली. त्यांना हिंदीत एक स्वतंत्र बाण्याचे दैनिक काढायचे होते. त्याच्या आखणीपासूनच बाबूराव त्यात होते. ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या मुहूर्तावर ‘आज’चा पहिला अंक निघाला. लोकमान्यांचे निधन होऊन जेमतेम महिना लोटला होता. आरंभीची चार वर्षे संपादनाबरोबर व्यवस्थापनाचाही भार बाबूरावांवर होता. पुढे ते प्रधान संपादक झाले.

दैनिकाला रोज नवे शब्द लागतात. इंग्रजी तारांचे भाषांतर करताना हिंदीला पुरेसे शब्द सापडत नसत, तेव्हा त्यांनी ते घडविले. नावामागे ‘श्री’ आणि अनेक नावांमागे ‘सर्वश्री’ लिहिण्याची रीत, तसेच ‘राष्ट्रपती’ आणि ‘मुद्रास्फीती’ हे शब्द हिंदी वृत्तपत्रांत रुळविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. संस्कृत त्यांच्या घरातले, मराठी आईची आणि बंगाली तरुणपणीच्या सहवासातली. या तिन्ही भाषांचे पाणी त्यांच्या हिंदीला मिळाले.

मिठाच्या सत्याग्रहाने १९३० साल गाजले. एप्रिलमध्ये सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला. जामीन भरून मान तुकवावी की पत्र बंद ठेवावे, हा पेच देशातील अनेक संपादकांपुढे होता. ‘आज’ने बंद राहणे पत्करले. मात्र बातमी बंद राहिली नाही. ‘रणभेरी’ नावाचे गुप्त पत्रक काशीत फिरू लागले आणि त्यामागे बाबूरावांची लेखणी होती. ते सायक्लोस्टाइलवर निघे. मेणकागदावर मजकूर कोरायचा, त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा आणि प्रती काढायच्या. खिळे नाहीत, मोठे यंत्र नाही. सामान उचलून दुसऱ्या गल्लीत नेले की काम पुन्हा सुरू. काशीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पोलिसांची अडचण सांगावी लागणार नाही.

पुढे ‘आज’ निघू लागल्यावर अग्रलेखात मोकळेपणाने लिहिणे अशक्यच होते. तेव्हा बाबूरावांनी अग्रलेखाची जागा जवळजवळ कोरी सोडली. देशाचे दारिद्र्य, डोक्यांवर पडणाऱ्या लाठ्या आणि देशभक्तांनी भरलेले तुरुंग पाहून वाचकाच्या मनात जे अहिंसक विचार येतील तेच संपादकाचे विचार समजावेत, एवढाच आशय तेथे छापला होता. त्यांच्या शेकडो अग्रलेखांपेक्षा ही कोरी जागाच लोकांच्या अधिक लक्षात राहिली.

सरकारएवढीच दुसऱ्या एका सत्तेचीही त्यांना चिंता होती. १९२५ मध्ये वृंदावन येथील संपादक संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी येणाऱ्या काळाचे भाकीत केले. वृत्तपत्रे सर्वांगसुंदर होतील, पाने वाढतील, छपाई देखणी होईल, ग्राहक लाखांनी मोजले जातील. पण त्यांत प्राण उरणार नाही. धोरण मालक ठरवील आणि संपादकाला आज आहे तेवढेही स्वातंत्र्य राहणार नाही, असे त्यांनी बजावले. धनिकाच्याच आश्रयाने चाललेल्या पत्राचा संपादक हे बोलत होता, म्हणून त्या बोलण्यात वजन होते.

१९३८ मध्ये सिमला येथे भरलेल्या अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी भाषिकाकडे आले. १९४२ च्या आंदोलनात ‘आज’ पुन्हा थांबले. १९४३ पासून चार वर्षे बाबूरावांनी काशीतच ‘संसार’ या दैनिकाचे संपादन केले आणि १९४७ मध्ये ते ‘आज’मध्ये परतले. १२ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ते त्याच खुर्चीवर होते.

काशीच्या मैदागिन भागात पत्रकार संघाची वास्तू आहे. शहरातील पत्रकार परिषदा तेथे भरतात. तिच्यावर नाव आहे : पराडकर स्मृती भवन.